माकुलाच्या कातडीचा परग्रहवासी

दसरा झाला की आमच्या गणपतीच्या कारखान्यातले रंगारी पांगतात. कुणी गोरेगावला सिनेमाच्या सेटवर जातो, कुणी भातकापणीला कोकणात, कुणी दिवाळीच्या किल्ल्यांसाठी मावळे रंगवून देतो. मी गेली काही वर्षं परग्रहवासी रंगवते. लालबागच्या चाळीत, खिडकीला लावलेल्या टेबलावर बसून करंगळीएवढ्या प्लास्टिकच्या बाहुल्यांना डोळे, दात, गंज आणि रक्त लावून देणं हा माझा हिवाळ्यातला धंदा. शेजारच्या काकू अजून विचारतात, "देवाच्या डोळ्यांची आखणी करणारी तू, आणि आता भुतं रंगवतेस?" "काकू, भुतांचे पैसे वेळेवर येतात," एवढंच मी म्हणते.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपल्याकडे पटावरचा खेळ म्हणजे सापशिडी, ल्यूडो, फार तर व्यापार. सोंगटी हरवली तर शर्टाचं बटण ठेवून डाव पुढे चालू राहतो. परदेशातल्या मोठ्या खेळांत मात्र सोंगटीच्या जागी चक्क शिल्पं असतात. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने १९८७ साली वॉरहॅमर फॉर्टी थाउजंड हा दूरच्या भविष्यातल्या युद्धाचा खेळ काढला. त्यातले सैनिक साधारण २८ मिलिमीटरच्या मापाचे. ते विकत घ्यायचे, जोडायचे, रंगवायचे आणि मग खेळायचं, अशी रीत पडली. खेळण्यापेक्षा रंगवण्यातच जास्त रमणारेही पुष्कळ निघाले. आता मुंबईतही हे खेळ खेळणारी पोरं आहेत. त्यांच्यापैकी ज्यांना हौस आहे पण हात नाही किंवा वेळ नाही, ती माझ्याकडे येतात.

दादरच्या हिंदू कॉलनीतला एक मुलगा नेमेसिस नावाच्या खेळाची पेटी घेऊन आला. पोलंडमधल्या अवेकन रिअल्म्स कंपनीचा हा खेळ. २०१८ साली लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून त्यांनी तो काढायला घेतला होता. गोष्ट अशी : अवकाशयानातले प्रवासी शीतनिद्रेतून उठतात. सोबत्यांपैकी एक जण मरून पडलेला असतो आणि यानात कुणीतरी आगंतुक शिरलेलं असतं. कप्तान, वैमानिक, शास्त्रज्ञ, टेहळ्या, शिपाई आणि मेकॅनिक अशी सहा पात्रं. सगळ्यांनी मिळून जगायचं, पण प्रत्येकाच्या मनात आपापला गुप्त हेतू. आगंतुकही अळीपासून राणीपर्यंत लहानमोठे. मुलाने टेबलावर सगळी पलटण मांडली आणि म्हणाला, "ताई, एकच अट. हे काळे नकोत. सगळे काळेच रंगवतात."

काळे का रंगवतात, हे मला माहीत होतं. १९७९ च्या 'एलियन' सिनेमातला तो जीव एच. आर. गीगर या स्विस चित्रकाराने घडवला. काळा, ओलसर, हाडं आणि यंत्र एकमेकांत विरघळल्यासारखा. त्या कामासाठी गीगर ज्या चमूत होते तिला ऑस्करही मिळालं. तेव्हापासून परग्रहवासी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काळा तुकतुकीत रंगच येतो. त्या मुलाला गीगरची नक्कल नको होती, हे मला आवडलं. पण त्याने मला अडचणीतही टाकलं. गणपतीचे रंग ठरलेले असतात. पीतांबर पिवळा की केशरी, अंग गुलाबीसर की शेंदरी, यावर मंडळाशी वाद होतील, पण तो वाद चार रंगांत बसतो. परग्रहावरच्या प्राण्याला ना शास्त्र, ना मंडळाचा अध्यक्ष.

कारखान्यातली शिकवण अशा वेळी उपयोगी पडते. मी ज्यांच्या हाताखाली शिकले ते मास्तर रंगाचा डबा उघडायच्या आधी एकच प्रश्न विचारायचे : "बघणारा कुठे उभा राहणार?" घरगुती दीड फुटी मूर्ती चौरंगावर बसते, तिच्यापुढे माणूस मांडी घालून बसतो, म्हणजे नजर समोरासमोर. मंडळाची मूर्ती मंचावर असते. माणूस खाली रांगेत, मान वर करून. लालबागच्या गणेश गल्लीत १९७७ साली मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाला दीनानाथ वेलिंग यांनी २२ फुटी मूर्ती केली, तिथून मुंबईत उंच मूर्तींचा जमाना सुरू झाला असं इथे सगळेच सांगतात. एवढ्या उंच मूर्तीची बुबुळं समोर बघणारी काढली तर ती भक्ताच्या डोक्यावरून समोरच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर बघत बसेल. म्हणून ती खाली उतरवावी लागतात. हनुवटीखाली आणि सोंडेच्या आतल्या बाजूला गडद छटा दिली की खालून बघणाऱ्याला फक्त अंधार दिसतो. म्हणून तिथे हात हलका ठेवायचा. परांचीवर उभं राहून हे कळत नाही. खाली उतरायचं, बघायचं, पुन्हा चढायचं. मास्तरांनी मला रंग कालवायला फारसं शिकवलं नाही. चढउतार मात्र भरपूर करायला लावली.

२२ फूट भागिले २८ मिलिमीटर केलं तर उत्तर सुमारे २४० येतं. पण माझ्या दृष्टीने खरा फरक आकारात नाही. खेळ टेबलावर मांडलेला असतो आणि खेळणारे भोवती बसून, उठून, वाकून बघतात. म्हणजे नजर वरून येते. दिसतं ते डोकं, खांदे, पाठ. चेहरा दिसतो तो बाहुली उचलून घेतली तर. हे एकदा मनात पक्कं झालं की निम्मं काम ठरून जातं.

आधी हमालीची कामं. साच्यातून काढलेल्या प्लास्टिकवर तेलकट थर राहतो, त्यावर रंग धरत नाही. भांडी घासायच्या साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने सगळी पलटण घासून काढायची. बंदुका, शेपट्या, नख्या पेटीत दाबून वाकलेल्या असतात. त्या कढत पाण्यात बुडवल्या की मऊ होतात, बोटाने सरळ करून लगेच गार पाण्यात टाकल्या की तशाच राहतात. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे बारीक शीर उठते, ती कटरच्या पाठीने खरवडून काढायची. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळलं तर पुढे रंग त्या शिरेवरच जाऊन बसतो आणि सगळ्यांना आधी तीच दिसते. मग प्रत्येक बाहुली औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या झाकणावर डबल टेपने चिकटवायची. पुढे बोट लावायचं ते बाटलीला, बाहुलीला नाही.

पहिला हात स्प्रेचा. म्हणूनच मी हे काम हिवाळ्यात घेते. श्रावणात मुंबईच्या हवेत स्प्रे मारला तर रंग खडूसारखा भुरभुरीत बसतो आणि वार्निश मारलं तर पांढुरकं धुकं धरतं. कारखान्यात आम्ही हॅलोजन लावून मूर्ती सुकवतो, कारण तिथे तारीख गणपतीने ठरवलेली असते. परग्रहवासी थांबू शकतात. आधी सगळीकडून काळा मारायचा, तो सुकला की फक्त वरून, डोक्याच्या दिशेने, पांढरा. पांढरा जिथे पोचतो तिथे उजेड, पोचत नाही तिथे आपोआप सावली. बघणारा जिथून बघणार तिथूनच पहिला उजेड टाकला, एवढं सोपं आहे ते.

आता माणसांचे डोळे. कारखान्यातली आखणी आधी पांढरं, मग बुबुळ, मग त्यातली बाहुली, पापणीची रेघ आणि सगळ्यात शेवटी चमकीचा ठिपका, या क्रमाने चालते. इथे अख्खा डोळा मिलिमीटरपेक्षा लहान. चमकीला जागा कुठली? म्हणून खाचेत आधी गडद तपकिरी भरायचा, त्यावर पांढऱ्याची आडवी रेघ, आणि तिच्यावर वरपासून खालपर्यंत एक गडद उभी रेघ. गोल टिंब काढलं तर बुबुळाभोवती चारी बाजूंनी पांढरं उरतं आणि माणूस डोळे वटारून बघतो. उभी रेघ दोन्ही पापण्यांना भिडते, त्यामुळे नजर शांत होते. वर-खाली जे सांडलं असेल ते कातडीच्या रंगाने झाकून टाकायचं. दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवायची, कोपर टेबलावर, पंखा बंद. ट्रिपल झिरोचा ब्रश लागतो खरा, पण केस बारीक असण्यापेक्षा टोक शाबूत असणं महत्त्वाचं. टोक असलेला जाड ब्रश बरा, कारण त्यात रंग जास्त वेळ ओला राहतो.

सहाही पात्रांची नजर मी समोर ठेवली नाही. गुप्त हेतू असलेली माणसं ती. कप्तान डावीकडे बघतो, शास्त्रज्ञ खाली. हे खेळताना कुणाला दिसत नाही, हे मला माहीत आहे. पटावर ओळखू येतात ते केस आणि खांदे. म्हणून त्यांचे रंग मी एकमेकांपासून शक्य तितके दूर ठेवले. ज्याने वरून एक नजर टाकली त्याला आपला माणूस कुठला, हे विचारावं लागता कामा नये. नजरेचं काम उचलून बघणाऱ्यासाठी, रंगाचं काम बसून खेळणाऱ्यासाठी.

छोट्या मापात कपडा कसा वाचावा, हे बघायला मी राणीच्या बागेला लागून असलेल्या म्युझियममध्ये जाते. आता त्याचं नाव डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ साली लोकांसाठी उघडलं तेव्हा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. तिथल्या कपाटांत मुंबईतल्या वेगवेगळ्या जातीधंद्यांच्या माणसांच्या छोट्या मूर्ती आहेत. शाळेच्या सहली त्यांच्यापुढून धावत जातात. रंगाऱ्याने मात्र तिथे निवांत उभं राहावं. एवढ्याशा अंगावर कपड्याची प्रत्येक चुणी दाखवली तर गिचमीड होते, म्हणून मोजक्या चुण्या घ्यायच्या आणि त्या ठळक करायच्या. कडा मात्र सोडायच्या नाहीत. शिपायाच्या चिलखताला मी जी फिकट कड दिली, तिचं मूळ या कपाटांत आहे. तिकडचे लोक तिला मोठं तांत्रिक नाव देतात. आमच्याकडे दागिन्याला सोनेरी कड देताना हेच करतात.

आगंतुकांचा रंग मला मासळी बाजारात मिळाला. गेले होते बोंबील आणायला. कोळीण मावशींच्या टोपलीत ताजे माकूल होते. माकुलाच्या कातडीकडे कधी जवळून बघितलंय? मूळ अंग पांढुरकं, जवळजवळ आरपार दिसणारं, आणि त्यावर जांभळट तपकिरी बारीक ठिपके. त्या रंगपेशी. जिवंतपणी त्या पसरतात-आकसतात आणि प्राणी रंग बदलतो. अगदी ताज्या माकुलावर मेल्यानंतरही ठिपके कधीकधी लुकलुकतात. मी इतका वेळ वाकून बघत होते की मावशी म्हणाल्या, "घेणार का नुसतं बघणार?" दोन्ही, म्हटलं. त्या दिवशी घरी बोंबील आले नाहीत.

त्या माकुलावरून मी असं केलं. अंगाला राखाडीत चिमूटभर गुलाबी घालून फिकट हात. खाचांमध्ये पातळ जांभळं पाणी सोडलं, ते आपल्या वजनाने खोलात जाऊन बसतं. सुकल्यावर टूथब्रशवर तपकिरी जांभळा रंग घेऊन अंगठ्याने केस मागे ओढून सोडले, की शिंतोडे उडतात. आधी कागदावर उडवून जाड थेंब घालवायचे, मगच बाहुलीवर. जबडा, हिरड्या आणि डोक्याचा माथा एवढ्याच ठिकाणी चकचकीत वार्निश, बाकी सगळं मॅट. ओलेपणा असा निवडक ठिकाणी असला की अंगावर येतो. सगळीकडे चमक दिली की खेळणं दिसतं.

पण इथे माशाचं ऐकायचं नव्हतं. बांगडा, सुरमई बघा, पाठ गडद आणि पोट चांदीसारखं. वरून बघणाऱ्याला गडद पाठ खोल पाण्यात दिसू नये आणि खालून बघणाऱ्याला पांढरं पोट उजेडात दिसू नये, अशी ती सोय. मासा लपण्यासाठी रंगलेला असतो. खेळातला राक्षस दिसला पाहिजे, आणि तोही वरून, अंधाऱ्या यानाच्या पटावर. म्हणून मी उलटं केलं. पाठीचा कणा आणि माथा सगळ्यात उजळ, पोट आणि मांड्यांच्या आत गडद. ठिपकेही पाठीवर दाट, खाली विरळ. मुलाने पहिली बाहुली बघितली तेव्हा हातात घेऊन तो म्हणाला, पोट फारच काळं झालंय. मी ती त्याच्या हातातून काढून पटावर ठेवली आणि त्याला उभं राहून बघायला सांगितलं. पुढे पोटाचा विषय निघाला नाही.

गंजावरून मात्र आमची जुंपली. पायाखालच्या गोल चकत्यांवर यानाची लोखंडी जमीन करायची होती आणि मी तिला गंज लावला. "ताई, अंतराळात गंज धरत नाही, तिथे हवाच नाही." मुलगा नारळीकर वाचून वाढलेला. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि तिला बक्षीस मिळालं, हा किस्सा त्यानेच मला सांगितला. विज्ञानकथेत विज्ञान चुकता कामा नये, हा त्याचा मुद्दा रास्तच होता. मी म्हटलं, यानाच्या बाहेर नसेल हवा. आत सहा माणसं श्वास घेतायत, त्यांना घाम येतोय, पाइप गळतायत. आमच्या चाळीच्या मोरीत काय होतं ते येऊन बघ.

गंजाच्या बाबतीत गिरणगावातल्या माणसाला कुणी शिकवायची गरज नाही. १९८२ च्या गिरणी संपानंतर एकेक करून बंद पडलेल्या गिरण्यांच्या पत्र्यांसमोर आम्ही लहानाचे मोठे झालो. गंज सगळीकडे सारखा पसरत नाही. पाणी जिथे थांबतं तिथे तो धरतो, म्हणजे रिव्हेटच्या खाली, दोन पत्र्यांच्या जोडात, आणि तिथून त्याचे ओघळ खाली उतरतात. मधोमध काळपट तपकिरी, कडेला विटकरी, आणि ताजा असेल तिथे टिचभर नारिंगी. लोकलने करी रोडहून परळला जाताना रुळांकडे बघा. खडी, स्लीपर, सिग्नलचे खांब, सगळ्यांवर ब्रेकच्या लोखंडी भुकटीचा एकच तांबूस थर. १८७९ पासून तिथे रेल्वेचं वर्कशॉप आहे आणि त्याच परिसरात मंडळांच्या मोठमोठ्या मूर्ती रंगतात. एका बाजूला देव, एका बाजूला गंज. मी स्पंजाच्या तुकड्याने टिपून टिपून तोच तांबूस रंग चकत्यांवर आणि मेकॅनिकच्या बुटांवर लावला. मेकॅनिकचे बूट स्वच्छ असतील तर तो कामचुकार आहे, असा माझा समज आहे.

राणी सगळ्यात शेवटी घेतली. पेटीतली ती सर्वांत मोठी आणि एकच. तोपर्यंत हाताला त्या रंगांची सवय झालेली असते, म्हणून महत्त्वाची मूर्ती शेवटी, हाही कारखान्याचाच नियम. तिच्यावर ठिपके शिंतोड्यांनी न उडवता एकेक करून काढले, पाठीवर मोठे, टोकाकडे बारीक होत जाणारे. हे वेळखाऊ काम होतं आणि त्याचे वेगळे पैसे मी लावले.

पैशांबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण आमच्या धंद्यात ते बोललं जात नाही. "एवढ्याशा बाहुलीला एवढे?" हा प्रश्न मला दरवेळी येतो. माप लहान म्हणून मेहनत लहान होत नाही. दीड फुटी मूर्तीचा पीतांबर स्प्रेगनने चुटकीसरशी होतो, इथल्या मूठभर चिलखताला अख्खी दुपार जाते. मी बाहुलीच्या उंचीवर दर लावत नाही, हातावेगळी करायला लागणाऱ्या वेळावर लावते, आणि निम्मे आगाऊ घेते. कारखान्यातल्या माझ्या बरोबरीच्या मुलींना मी हेच सांगते. आखणी येते ना, मग दसऱ्यानंतर हात रिकामा ठेवू नका. हे काम बारमाही पोट भरेल इतकं मुंबईत अजून नाही. सोडलेल्या हंगामाची भरपाई मात्र होते.

आणि ज्यांना स्वतःच रंगवून बघायचं आहे त्यांनी परदेशी पेटी फोडून सुरुवात करू नये. दिवाळीआधी लालबागला किंवा दादरला किल्ल्याचे मातीचे मावळे विकायला येतात, माप जवळपास तेच. दोन-चार घ्या, बाजारातल्या रंगावर पांढरा हात मारा, सुकू द्या आणि आपला मावळा रंगवा. डोळ्यांवर अगदी शेवटी या. मनासारखा झाला नाही तरी तो किल्ल्यावर खपून जातो, आणि दुसरा बाजारात मिळतो. नेमेसिसची राणी पेटीत एकच येते.